कादंबरीची टिपणं आणि एआय: गोळा केलेलं सापडायचं कसं

सोलापूरवर कादंबरी लिहायचं ज्याच्या मनात आहे, त्याच्याकडे साधारण एवढं सामान असतंच. वाचनालयात जुन्या पुस्तकांच्या पानांचे काढलेले फोटो, त्यातले निम्मे तिरके. मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला, कुणी लिहिला ते कुणालाच माहीत नसलेला ‘आपल्या सोलापूरचा इतिहास’. आजीचं बोलणं रेकॉर्ड केलेल्या तीन-चार फाइल, मागे मिक्सरचा आवाज. वहीत पेन्सिलीने लिहिलेलं ‘धोटा – विचारणे’ असं एका ओळीचं टिपण, कुणाला विचारायचं ते न लिहिता. आणि लॅपटॉपवर ‘न्यू फोल्डर’, शेजारी ‘न्यू फोल्डर २’. सामान कमी नसतं. प्रकरण लिहायला बसलं की त्यातलं हवं ते हाती लागत नाही, हे दुखणं असतं.

यावर हल्ली एकच सल्ला मिळतो: ‘सगळं एआयमध्ये टाक, ते लावून देतं.’ सल्ला अर्धा खरा आहे. लावून देतं, पण लावता लावता प्रत्येक गोष्टीवरची एक खूण पुसून टाकतं. हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि सांगणाऱ्याला ते कसं ठाऊक, ही ती खूण. कादंबरी लिहिणाऱ्याला पुढे तीच लागते. ती शाबूत ठेवून हे यंत्र कसं वापरायचं, एवढाच इथला विषय.

बोलण्यापुरती एक कादंबरी समोर धरू. साल १९३०. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि बातमी येताच सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस चौक्या जळाल्या, कोर्ट जळालं, आणि काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. एवढं सोलापुरात शाळकरी पोरालाही सांगता येतं. आपली नायिका मात्र चौदा वर्षांची, पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरातली. घरी तेलुगू, गिरणीत मराठी. तिच्याबद्दल कुठल्याही पुस्तकात ओळ नाही. तिला उभी करायला लागणारं मात्र शंभर ठिकाणी विखुरलेलं आहे: इंग्रजी गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याच्या जुन्या सरकारी माहितीग्रंथात), कायद्याच्या कलमांत, तेलुगू म्हणींत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत.

यंत्र वाचतं म्हणजे काय करतं

पाचशे पानं दिली की एआय ती वाचून डोक्यात ठेवतं, असा समज आहे. तसं होत नाही. होतं ते दोन तऱ्हांनी, आणि दोन्हींच्या खोडी वेगळ्या.

पहिली तऱ्हा म्हणजे मजकूर सरळ चॅटमध्ये चिकटवणं. एका वेळी किती मजकूर नजरेसमोर ठेवता येतो याला यंत्राची हद्द असते, तिला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात. ती पानांत किंवा शब्दांत मोजत नाहीत. मजकुराचे बारीक तुकडे पाडतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि मोजणी त्यांची होते. देवनागरीतल्या एका शब्दाचे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त तुकडे पडतात. नव्या मॉडेलांत ही तफावत कमी झाली आहे, तरी तेवढ्याच आशयाचा मराठी मजकूर जागा जास्त खातो, हे धरून चालावं. गप्पा लांबल्या की सुरुवातीचं हद्दीबाहेर जातं किंवा त्याचा नुसता सारांश उरतो. आणि हद्दीत मावलं तरी सगळीकडे सारखं लक्ष असतंच असं नाही. लांब मजकुराच्या सुरुवातीला आणि शेवटाला असलेलं बरं सापडतं, मधलं निसटतं, असं २०२३ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तेव्हापासून मॉडेलं सुधारली, पण सवय म्हणून एका वेळी थोडं द्यावं हे बरं.

दुसरी तऱ्हा म्हणजे गूगलच्या नोटबुकएलएमसारखी साधनं. तिथे तुम्ही पीडीएफ, ऑडिओ, टिपणं असं सगळं एका वहीत टाकता. अशा साधनांमागची ठरावीक पद्धत अशी: यंत्र मजकुराचे परिच्छेदाएवढे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याला आकड्यांची एक लांब रांग देतं. त्या रांगेला एम्बेडिंग म्हणतात. अर्थाने जवळ असलेल्या तुकड्यांच्या रांगाही एकमेकींच्या जवळ येतात. तुम्ही प्रश्न विचारला की प्रश्नाचीही अशी रांग बनते, तिच्या जवळचे काही तुकडे उचलले जातात आणि फक्त तेवढे वाचून उत्तर लिहिलं जातं. या पद्धतीला रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन, थोडक्यात रॅग, असं नाव आहे. २०२० च्या एका शोधनिबंधापासून ते रूढ झालं.

चाटी गल्लीतल्या साडीच्या दुकानात जाऊन ‘आईला शोभेल अशी दाखवा, फार भडक नको’ म्हणा. गुमास्ता गठ्ठ्यातून पाच साड्या काढून पुढ्यात टाकतो. तुम्ही रंगाचं नाव घेतलेलं नसतं, काठाचं नाही, तरी त्याला कळतं. शब्द न जुळताही अर्थावरून शोधणं हे असं, आणि कादंबरीसाठी ते सोन्यासारखं आहे. ‘गिरणीला जायच्या आधीची पहाट’ असं मराठीत विचारलं तर इंग्रजी अहवालातला कामाच्या तासांवरचा परिच्छेद वर येऊ शकतो. मराठी, इंग्रजी, कन्नड, तेलुगू अशा चार भाषांत सामान असलेल्या सोलापूरकराला याहून मोठी सोय नाही.

पण हा गुमास्ता ‘तसला माल आपल्याकडे नाही’ असं सहसा म्हणत नाही. आहे त्यातलं जवळचं काढून देतो. समजा तुमच्या ढिगात सोलापूरच्या गिरणीतल्या बायकांबद्दल काहीच नाही, मुंबईच्या गिरण्यांबद्दल मात्र दोन लेख आहेत. तुम्ही विचारलंत, ‘सोलापुरात बायका कुठल्या खात्यात असायच्या?’ उत्तर येईल: वाइंडिंग आणि रीळिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. भाषा ठाम, वाक्य सुबक. मुंबईचं वाक्य सोलापूरचं नाव लावून तुमच्या हातात आलेलं असतं. ते कदाचित खरंही असेल. पण तुमच्या ढिगाने ते सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला तसा संशयही येत नाही.

म्हणून उत्तराखाली आलेला स्रोताचा आकडा दाबून मूळ परिच्छेद दर वेळी वाचायचा. स्रोत दिलेला आहे एवढ्याने भागत नाही. तो परिच्छेद खरंच तेच म्हणतो का, हे डोळ्यांनी बघायचं.

आणखी एक. ‘माझ्या सगळ्या टिपणांत गिरणीच्या भोंग्याचा उल्लेख किती वेळा आलाय?’ असले प्रश्न या पद्धतीला झेपत नाहीत, कारण ती सगळं बघतच नाही, निवडक तुकडे बघते. मोजायचं असेल तर संगणकातला साधा शब्दशोध वापरा. त्याला एकच गोष्ट लागते, नावांच्या सगळ्या रूपांची यादी. जुन्या इंग्रजी कागदांत आपलं गाव ‘शोलापूर’ आहे. गिरण्यांची आणि पेठांची नावं कागदागणिक वेगळी लिहिलेली. अशी एक पानभर नामावली करून वहीत टाकलीत तर शब्दशोधही सुधारतो आणि एआयही कमी गोंधळतं.

फोटोतली अक्षरं, फाइलमधला आवाज

हा भाग झटपट उरकू. पानाच्या फोटोतून अक्षरं उचलणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. गूगल लेन्स करतं, मोफत टेसरॅक्टमध्येही मराठी आहे, आणि आता चॅटच्या साधनांनाही फोटो देता येतो. जुन्या छपाईत ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘खण’ चा ‘रवण’. हे निदान वाचताना खटकतं. न खटकणारी चूक आकड्यांत असते: १ आणि ९ यांची अदलाबदल झाली तर १९३१ सालचं १९३९ होतं आणि वाक्य तरीही शहाण्यासारखं दिसतं. तेव्हा आकडे तेवढे हाताने पडताळायचे. चॅटच्या साधनांची खोड उलटी आहे. न लागलेला शब्द ती संदर्भाने भरून टाकतात, त्यामुळे चूक शुद्ध मराठीत येते. ‘जे वाचता येत नाही तिथे तीन टिंबं टाक, अंदाज करू नको’ हे वाक्य प्रत्येक वेळी लिहावं लागतं. मोडी कागद असेल तर मोडी वाचणारा माणूस गाठा. यंत्राचं वाचन त्याला दाखवायलाही नेऊ नका, त्याचाच वेळ वाया जातो.

आवाजाचंही तसंच. मराठी बोलणं लिहून देणारी साधनं आता बरी आहेत, पण आजी मराठीत सुरुवात करून मध्येच तेलुगूत गेल्या आणि दख्खनीत एक शिवी हासडून परत आल्या की यंत्र गडबडतं. गडबड होते ती नेमकी जिथे बोलणं रंगात आलंय तिथे. तेवढी दोन मिनिटं कानाने ऐकून हाताने लिहावीत. त्यांचा सूर कादंबरीत लागणारच आहे.

एक चिठ्ठी, जवळून

ढीग लावण्याचं खरं काम इथे आहे. पानंच्या पानं न ठेवता एका गोष्टीची एक चिठ्ठी करायची. कागदावर करा नाहीतर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, दोन्ही चालतं. चिठ्ठी अशी:

भोंगा
पहिल्या भोंग्याला घरातल्या बाया उठायच्या. दुसऱ्याला पुरुष दाराबाहेर पडलेले असायचे.
सांगणारी: गल्लीतल्या आजी. त्यांनी आईकडून ऐकलेलं.
कधीचं: १९४० च्या मागेपुढे. सांगितलं यंदा.
कुठलं: साखर पेठ
दर्जा: ऐकीव
भिडतं: मुलीची सकाळ

गोष्ट दोन ओळींची, खाली पाच ओळींची शेपटी. कामाची ही शेपटीच. ‘कधीचं’ या ओळीत दोन काळ आहेत हे बघा. आठवण ज्या काळाची तो, आणि ती सांगितली तो. १९४० ची गोष्ट १९३० मध्ये वापरायची का हा निर्णय तुमचा आहे, पण आपण निर्णय घेतोय हे तरी कळायला हवं. ती ओळ नसेल तर एआय भोंगा खुशाल १९३० मध्ये वाजवेल.

‘दर्जा’ला मी तीनच शब्द ठेवतो: पक्कं, ऐकीव, माझं. पक्कं म्हणजे ज्याला त्या काळचा कागद आहे. ऐकीव म्हणजे कुणीतरी सांगितलेलं, मग सांगणारा कितीही खात्रीचा असो. माझं म्हणजे मी रचलेलं. चौथा दर्जा काढायचा मोह होतो, ‘बहुतेक पक्कं’ वगैरे. काढू नका. महिन्याभरात सगळ्या चिठ्ठ्या त्यातच जाऊन बसतात.

‘भिडतं’ ही ओळ सगळ्यात शेवटी सुचते आणि सगळ्यात जास्त वापरली जाते. बहुतेकांचे फोल्डर विषयवार असतात: वस्त्रोद्योग, सण, स्वातंत्र्यलढा, खाणंपिणं. ग्रंथालयाला ते शोभतं. प्रकरण लिहिताना मात्र ‘वस्त्रोद्योग’ असा प्रश्न कधी पडत नाही. पडतो तो असा: ती उठते तेव्हा काय ऐकते? दारात शिपाई उभा आहे, घरात पाणी किती दिवसांचं आहे? बापाला शोधायला ती एकटी बाहेर पडू शकते का? चिठ्ठी या प्रश्नाला बांधायची.

इथे एआय खरोखर कामाला येतं. कच्चं टिपण देऊन त्याच्या चिठ्ठ्या करून घेता येतात. मी साधारण असं लिहितो: ‘खालच्या मजकुराच्या चिठ्ठ्या कर. एका चिठ्ठीत एकच गोष्ट. शब्द शक्यतो मूळचेच ठेव. सांगणारा, काळ, ठिकाण मजकुरात असेल तरच भर, नसेल तर “नाही” असं लिही. दर्जा भरू नकोस, तो मी भरीन.’ शेवटचं वाक्य मुद्दाम. दर्जा यंत्राला ठरवू दिला की छापील दिसणारं सगळं ‘पक्कं’ होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मामांचा इतिहास गॅझेटियरच्या मांडीला मांडी लावून बसतो.

चिठ्ठ्या एकदा झाल्या की त्या हव्या तशा फिरवून घ्यायच्या. हे हाताने करायला आठवडे लागायचे, आता चहा होईपर्यंत होतं. ‘या सगळ्या चिठ्ठ्या ठिकाणांनुसार लाव.’ बाळीवेस, साखर पेठ, रेल्वे स्टेशन असे गट पडतात आणि स्टेशनला एकच चिठ्ठी आहे हे उघडं पडतं. रेल्वे १८६० पासून गावात आहे, मार्शल लॉच्या दिवसांत कुणी ना कुणी स्टेशनवर अडकलेलं असणार, आणि आपल्याकडे तिथला एकही माणूस नाही. ‘आता आवाज, वास, स्पर्श यांनुसार लाव.’ आवाज भरपूर निघतात, वास एकही नाही. ज्या गिरणीत सुताला खळ लावतात, जिथे कापसाची तूस हवेत असते, तिथला वास आपण कुणाला विचारलाच नव्हता, हे असं कळतं. ढिगात नसलेलं दाखवायला यंत्र इतकं चांगलं आहे, की नुसतं तेवढ्यासाठी वापरलं तरी पैसे वसूल.

कधी कधी दोन चिठ्ठ्या शेजारी आल्याने गोष्टच हलते. एक चिठ्ठी कायद्याची: १९२२ च्या कारखाना कायद्यात मोठ्या कामगाराला दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा होती, १२ ते १५ वयाच्या मुलांना ६ तासांची. दर्जा पक्कं. दुसरी चिठ्ठी आपल्या नायिकेची: वय १४. म्हणजे कायद्याने ती सहाच तास गिरणीत. मग ८ मेच्या दुपारी ती गिरणीत असेलच असं नाही, रस्त्यावर असू शकते. तिला सोळा वर्षांची केली तर ही वाट बंद होते. कायदा प्रत्यक्षात पाळत होते का, वय वाढवून लावत होते का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर कायद्याच्या चिठ्ठीत नाही, ऐकीव गठ्ठ्यात असलं तर असेल. पण प्रश्न पडला तो दोन चिठ्ठ्या एकत्र आल्यामुळे.

आपलंच आपल्याला खरं म्हणून परत येतं

या सगळ्यात मला सर्वांत धोक्याची वाटणारी गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

कादंबरीचा मसुदा आणि संदर्भाचं सामान एकाच वहीत टाकायची सवय असते. सोयीचं पडतं. समजा तिसऱ्या प्रकरणात तुम्ही लिहिलंत, की गिरणीच्या दाराशी एक पठाण बसायचा आणि पगाराच्या दिवशी व्याज वसूल करायचा. हे तुम्ही रचलेलं. चार महिन्यांनी अकरावं प्रकरण लिहिताना तुम्ही वहीला विचारता, ‘पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी काय चालायचं?’ उत्तर येतं: ‘सावकाराची माणसं दाराशी बसून व्याज वसूल करत.’ खाली स्रोताचा आकडा. आकडा दाबलात तर तिसरं प्रकरण उघडेल, पण घाईत कोण दाबतो? ‘माणसं’ असं अनेकवचन झालंय, ‘पठाण’ गळलाय, वाक्य इतिहासाच्या पुस्तकातलं वाटतंय. तुमची कल्पना धुऊन, इस्त्री करून तुम्हालाच परत मिळाली. पुढे प्रस्तावनेत ‘त्या काळी अशी पद्धत होती’ असं लिहिलंत, आणि उद्या दुसऱ्या कुणी ती प्रस्तावना आपल्या वहीत घातली, की त्याच्याकडे हे ‘पक्कं’ म्हणून नोंदलं जाणार.

उपाय साधा आहे. दोन वह्या. एकीत फक्त सामान, दुसरीत मसुदा. सामानाच्या वहीत स्वतःचं एकही वाक्य जाऊ द्यायचं नाही. गेलंच तर त्यावर ‘माझं’ असा शिक्का. एआयने दिलेली उत्तरंही सामानाच्या वहीत चिकटवायची नाहीत, कारण ती सामान नव्हेत. उत्तरातून मूळ परिच्छेद सापडला असेल तर त्याची चिठ्ठी करा आणि उत्तर सोडून द्या.

तीन दिवस की चार?

मे १९३० मध्ये सोलापूर किती दिवस स्वतंत्र होतं? गावात विचारा. कुणी तीन सांगतो, ९ ते ११ मे. कुणी चार सांगतो. मोजणी कुठून सुरू करायची, ८ च्या गोळीबारापासून की ९ पासून, आणि मार्शल लॉचा १२ तारखेचा दिवस धरायचा की सोडायचा, यावर आकडा हलतो. एआयला विचारलंत तर दोनातलं एक होईल. एक आकडा ठामपणे येईल, नाहीतर ‘तीन ते चार दिवस’ असं गुळमुळीत वाक्य येईल. इतिहासाच्या लेखाला गुळमुळीत वाक्य एक वेळ चालेल. कादंबरीत नायिकेचा बाप कुठल्या तरी ठरावीक संध्याकाळी घरी येत नाही, त्याला ‘तीन ते चार’ चालत नाही.

म्हणून विचारतानाच वेगळं विचारायचं: ‘या घटनेबद्दल माझ्या सामानात कोण काय म्हणतं ते वेगवेगळं लिही. सरासरी काढू नको, मेळ घालू नको.’ मग चार चिठ्ठ्यांतले चार जबाब समोर येतात. आणि लेखकाला त्यात गंमत दिसते: बाळीवेशीतला म्हातारा चार म्हणणार आणि सरकारी कागद तीन म्हणणार असेल, तर तो फरकच एका संवादात घालता येतो. दोन पात्रं त्यावरून भांडू शकतात. इतिहासकाराला निकाल लावावा लागतो, आपल्याला भांडण मिळालं तरी पुरतं.

चांदणं विचारायचं पंचांगाला

काही गोष्टी एआयला विचारूच नयेत. तारखेचा वार, तिथी, चंद्र, नाण्यांचा हिशेब यांत ते अजून धडपडतं, आणि धडपडलं तरी चेहऱ्यावर दाखवत नाही. ‘८ मे १९३० च्या रात्रीचं वर्णन कर’ म्हणा, ‘गडद काळोखात मशाली’ वगैरे येण्याचा संभव मोठा, कारण दंगलीच्या रात्री पुस्तकांत काळोख्याच असतात. पंचांग उघडा. २८ एप्रिलच्या रात्री अमावस्या संपत होती, म्हणजे ८ मेला वैशाख शुद्ध दशमीच्या आसपास. मध्यरात्र उलटेपर्यंत चांदणं. त्या सगळ्या आठवड्यात चंद्र वाढत होता आणि मार्शल लॉ लागला तो पौर्णिमेच्या तोंडावर. लपून जाणाऱ्या माणसाला भिंतीची सावली शोधावी लागली असेल. हे एक कळलं की प्रसंग आपोआप बदलतो. वार गुरुवार होता, तोही कॅलेंडरवरून घ्या.

तसंच १२ जानेवारी १९३१. तारीख एआय बरोबर सांगेल. पण ती संक्रांतीच्या तोंडावरची आहे, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, यात्रेच्या, दिवसांत येते, नंदीध्वजांच्या तयारीचे ते दिवस, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही आणि यंत्राला विचारल्याशिवाय सुचत नाही. या दोन चिठ्ठ्या जोडणारे तुम्ही.

कुठलं साधन, आणि काय टाकू नये

साधनांवर भांडण्यात अर्थ नाही, दर सहा महिन्यांनी नावं बदलतात. नोटबुकएलएममध्ये मोफत खात्यावर सध्या एका वहीत ५० स्रोत बसतात. सुट्या चिठ्ठ्या पन्नासाहून जास्त होणारच, तेव्हा एका ठिकाणच्या किंवा एका सांगणाऱ्याच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये ठेवा. पुस्तकांची आणि लेखांची नोंद ठेवायला झोटेरो मोफत आहे. चिठ्ठ्यांसाठी मला ऑब्सिडियन आवडतं, कारण फाइल साध्या टेक्स्टच्या असतात आणि आपल्याच संगणकावर राहतात. उद्या ते बंद पडलं तरी चिठ्ठ्या वाचता येतील. ज्या साधनातून सगळं बाहेर काढता येत नाही त्यात कादंबरीचं सामान ठेवू नये.

आणि माणसांची नावं. आजींनी तुम्हाला सांगितलं ते तुम्हाला सांगितलं. शेजारच्या घरातल्या सुनेची गोष्ट, कुणाच्या आजोबांनी पोलिसांना काय सांगितलं ते, अशा गोष्टी गावात अजून दुखतात. सोलापूर मोठं झालं तरी कोण कुणाचं हे पूर्व भागात अजून ओळखतात. नाव काढून ‘सांगणारी क्रमांक ४’ करा, नावांची यादी कागदावर घरात ठेवा. काही साधनं, विशेषतः मोफत खात्यांवर, तुमचा मजकूर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरू शकतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल तर आधी बंद करा. कॉपीराइटचं म्हणाल, तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क राहतो. १८८४ चं सोलापूर गॅझेटियर बिनघोर वापरा, हयात लेखकाचं अख्खं पुस्तक मात्र फोटो काढून चढवू नका.

मसुदा झाल्यावर

पहिला मसुदा झाला की दोन्ही वह्या पहिल्यांदा एकत्र आणायच्या, तेही एकेक प्रकरण करून. प्रकरण द्या, त्याच्या चिठ्ठ्या द्या आणि विचारा: ‘या प्रकरणातल्या कुठल्या वस्तू, रीती, आकडे, शब्द यांना चिठ्ठ्यांत आधार नाही? फक्त यादी दे, सुधारू नको.’ ‘सुधारू नको’ विसरलात तर तुमच्या नायिकेची भाषा वर्तमानपत्रासारखी होऊन येईल.

यादी लांब येते. ‘पन्नास पैसे’ हा शब्द सापडतो. रुपयाचे शंभर पैसे झाले १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधी सोळा आणे. तेव्हा आठ आणे लिहा. प्लॅस्टिकची बादली सापडते. ‘टेन्शन आलं’ सापडतं. काही वेळा यंत्र उगाच शंका काढतं, कडक भाकरीला आधार नाही म्हणतं. तिथे हसून पुढे जायचं.

उरलेल्या यादीचे तीन भाग करा. कागदात शोधायचं ते एक, माणसांना विचारायचं ते दुसरं, आणि जे आपण रचलंय व तसंच ठेवणार आहोत ते तिसरं, त्यावर ‘माझं’ लिहून टाका. पहिला भाग छापून घ्या. वाचनालयाच्या आतल्या खोलीत मोबाइलला रेंज असेलच असं नाही, आणि जुन्या अंकांचे गठ्ठे काढून देणाऱ्या माणसाला मोबाइल पुढे करण्यापेक्षा साल आणि महिना लिहिलेला कागद दिला की गठ्ठा लवकर निघतो.